नवी मुंबईचे इंजिनिअर खाते : उसनी माणसे आणि घरची माणसे



व्याख्यानासाठी मी हा विषय कळविला तेव्हा चालकांपैकी एकदोघे अंमळ हसले, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. चैत्र-वैशाखातील संध्याकाळ ही संतवाङ्मयासाठी, शिवकालासाठी, फार तर एखाद्या परदेशप्रवासाच्या वर्णनासाठी असते. अशा वेळी महापालिकेच्या इंजिनिअर खात्यात माणसे कशी भरली जातात आणि ती शिकून कशी तयार होतात, हे सांगावयास उभा राहणारा मनुष्य लग्नाच्या पंगतीत वाणसामानाची यादी वाचणाऱ्या यजमानासारखा वाटणार. पण यादी चुकली तर पंगत अर्ध्यावर उठते, हेही आपण सारे जाणतो. म्हणून तासभर ही यादी आपल्यापुढे वाचण्याची परवानगी मागतो.

प्रथम आपल्या पायांखालच्या जमिनीकडे पाहू. नवी मुंबईचा खाडीकडील मोठा भाग पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे यांनी व्यापलेला होता. उधाणाच्या भरतीला मुंबई बंदरात पाणी साडेचार मीटरांहूनही वर चढते, आणि त्या पातळीच्या खाली असलेली जमीन आपण वसतीखाली आणली. सारी जमीन भराव घालून उंच करावयाची तर खर्च अफाट झाला असता. तेव्हा नगर वसविणाऱ्यांनी डच लोकांची रीत घेतली. खाडीकडून बांध घातले, बांधाच्या आत मोठे धारण तलाव ठेवले, आणि तलावाच्या तोंडाशी झडपा बसविल्या. लोक यांनाच होल्डिंग पाँड म्हणतात. भरती चढू लागली की समुद्राच्याच रेट्याने झडप मिटते. तेवढ्या वेळात पडलेला पाऊस नाल्यांतून तलावात साठतो. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि साठलेले पाणी खाडीत जाते.

या झडपेला वीज लागत नाही, तेल-इंधन लागत नाही. कागदावर तिला खुशाल स्वयंचलित म्हणावे. पण बिजागरीला गंज चढला, फटीत एखादे लाकूड किंवा प्लॅस्टिकचे बोचके अडकले, तर झडप पुरती मिटत नाही आणि समुद्र शहरात येतो. तलावात गाळ साचला तर तितके पाणी कमी मावते आणि ते रस्त्यावर येते. म्हणजे ही झडप खरोखर चालते ती तिच्याकडे पाहणाऱ्या माणसामुळे. कोणत्या झडपेपाशी गाळ लवकर धरतो, कोणत्या नाल्याचा उतार कमी आहे, कोणत्या तिथीला कोणत्या घटकेला तेथे उभे राहिले पाहिजे, हे ज्याला ठाऊक आहे तो मनुष्य या व्यवस्थेचा खरा भाग आहे. तो मनुष्य महापालिकेत आहे काय, असल्यास तो कसा तयार झाला, आणि तो निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी कोण उभा राहील? माझा आजचा प्रश्न एवढाच आहे.

हा प्रश्न या भूमीला नवा नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या खाडीकाठी शेकडो वर्षे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून जमीन सोडविण्यात आली. पेण-अलिबागकडे अशी खार बांधणाऱ्यास शिलोत्रदार म्हणत. बांधाच्या दुरुस्तीसाठी कुळांकडून धान्याच्या रूपाने वेगळा भाग घेतला जाई. कित्येक ठिकाणी शेतकऱ्यांचे ‘जोळ’ असत आणि त्या जोळातील लोक आपल्या वाट्याचा बांध आपल्या हातांनी राखीत. बांधात पाणी सोडण्यासाठी जे दार ठेवीत त्यास ‘उघाडी’ म्हणत. आज आपण ज्या झडपांचे कौतुक करतो तिचीच ही थोरली बहीण. उघाडी राखणारा मनुष्य कोणत्या शाळेत शिकला नव्हता. बापाबरोबर बांधावर जाऊन तो शिकला. 1948 च्या खारभूमी कायद्याने बाहेरच्या बांधांची काळजी सरकारी मंडळाकडे गेली. सरकार आल्याने पैसा आला, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या वर्षी बांध राखणे हे गावाचे काम राहिले नाही, त्या वर्षापासून मुलगा बापाबरोबर बांधावर जाईनासा झाला, हेही विसरून चालत नाही.

किनाऱ्यावरील आगरी-कोळी लोकांत भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीची घटका येते. अष्टमी असेल तर आठाला पाऊण सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पुनवेला ती बाराच्या अलीकडे-पलीकडे येते, आणि ती उधाणाची असते. 26 जुलै 2005 चा दिवस आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तो पुनवेनंतरचा पाचवा दिवस होता. पाचाला पाऊण म्हणजे पावणेचार. त्या दुपारी भरतीची घटका खरोखरच चारच्या जरा अगोदरची होती, आणि पावसाचा जोरही दुपारनंतरच वाढत गेला. जो हिशेब कोळीवाड्यातील म्हातारा बोटांवर करतो, तो इंजिनिअर खात्यातील प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याच्या बोटांवर असावयास पाहिजे, असे मी म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होऊ नये. भरतीचे छापील कोष्टक कचेरीत असतेच. पण कोष्टक कपाटात असणे निराळे आणि ते अंगात मुरलेले असणे निराळे.

आता थोडे मागे जाऊन, आपल्याकडे इंजिनिअर तयार करण्याची सोय केव्हा आणि कशासाठी झाली ते पाहू. हॉलंडात डेल्फ्ट येथील शाळा 1842 ची. गंगेच्या कालव्याचे काम निघाले तेव्हा 1847 साली रुडकीचे विद्यालय निघाले. पुण्यात 1854 साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ उघडले, तेच पुढे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज झाले. या पुण्याच्या वर्गाविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो थोर इंजिनिअर निर्माण करण्यासाठी काढलेला नव्हता. इमारती, धरणे, कालवे, पूल आणि लोहमार्ग यांच्या कामांवर जे हाताखालचे लोक लागतात, त्यांना शिक्षण द्यावे म्हणून तो काढला. वरचे साहेब विलायतेहून येत होते. ओव्हरसियर आणि मिस्त्री मात्र विलायतेहून आणणे परवडणारे नव्हते, आणि त्यांच्यावाचून काम उभे राहणारे नव्हते. राज्यकर्ते परके होते आणि त्यांचा हेतू स्वार्थाचा होता. परंतु खाते चालते ते खालच्या माणसावर, एवढे त्यांना बरोबर उमजले होते.

त्या खात्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महात्मा जोतिराव फुले यांनी स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतली होती, त्यामुळे इंजिनिअर खाते त्यांनी जवळून पाहिले होते. त्या खात्यातील देशी नोकरवर्ग एकाच वरच्या जातीतला, आणि तो साहेबाच्या डोळ्यांत धूळ फेकून मजुरांना नाडतो, ही त्यांची टीका प्रसिद्धच आहे. माणसे कोठून घ्यावयाची, हा प्रश्न माणसे कशी शिकवावयाची या प्रश्नाइतकाच जुना आहे हे यावरून दिसते. ज्यांच्या अंगावर काम पडते त्यांच्यापैकी कोणी खात्यात नसेल, तर मोजमापाच्या पुस्तकात काय लिहिले जाते हे विचारणाराही कोणी राहत नाही.

याच कॉलेजातून 1883 साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. 1884 मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक इंजिनिअर म्हणून लागले. आरंभीच त्यांच्याकडे खानदेशातील काम आले, त्यात पांजरा नदीच्या पात्रातून पाण्याचा नळ नेण्याचे अवघड काम होते. तेथे पूर, वाळू आणि वरिष्ठांची नाखुशी या तिन्ही शिक्षकांनी त्यांना शिकविले. पुढे 1903 साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे व मिटणारे दरवाजे बसविले. आपल्या धारण तलावांवरील झडपांचा विचार करताना या दरवाजांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. वीस वर्षे नद्या-नाल्यांच्या काठी काढलेल्या माणसाच्या हातून ते झाले, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

खुद्द मुंबई शहराने काय केले? विहारचा तलाव 1860 मध्ये, तुळशीचा 1879 मध्ये, तानशाचा 1892 मध्ये तयार झाला. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याने इंजिनिअर आणि आरोग्याधिकारी ही पदे कायद्यातच घातली. कमिशनर बदलला, नगरसेवक बदलले, तरी ही दोन खाती कोणाच्या लहरीवर राहू नयेत, हा त्यातील मतलब. आरंभी या जागांवर गोरे लोक होते. पण महापालिकेचे स्वतःचे इंजिनिअर खाते अखंड चालू राहिले, आणि त्या अखंडपणामुळेच पुढे त्यात येथली माणसे तयार झाली. एन. व्ही. मोडक हे त्यांतले ठळक नाव. वैतरणा नदीवरील धरणाच्या जलाशयास आज मोडकसागर म्हणतात ते त्यांच्यावरून. मुंबईच्या कोट्यवधी लोकांनी पाण्याचा पेला उचलताना ज्याचे नाव घ्यावे असा महापालिकेचा नोकर विरळा, आणि हा मान एका इंजिनिअरास मिळाला आहे.

आणि येथेच आपल्या शहराचा धागा लागतो. याच मोडकांनी अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर यांच्याबरोबर 1947-48 च्या सुमारास बृहन्मुंबईच्या विकासाचा आराखडा तयार केला. त्यात ठाणे, बेलापूर, उरण अशा उपनगरांच्या वाढीचा विचार होता. 1959 साली स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा असे सुचविले. हे बर्वे म्हणजे पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. 1966 साली धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही मुंबईचा भार मुख्य भूमीकडे वळविण्याची शिफारस केली. या साऱ्याची परिणती 17 मार्च 1970 रोजी सिडको ही कंपनी स्थापन होण्यात झाली. पुढल्या वर्षी तिच्याकडे नव्या शहराचे काम सोपविण्यात आले. 95 गावे आणि सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्र. एवढा मोठा उद्योग आपल्याकडे पूर्वी कोणी केला नव्हता.

सिडकोची माणसे कोण होती? जे. बी. डिसूझा हे सनदी अधिकारी व्यवस्थापकीय संचालक झाले. शिरीष पटेल हे स्थापत्य इंजिनिअर नियोजनाचे प्रमुख आणि कोरिया हे मुख्य वास्तुविशारद झाले. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल अशा निरनिराळ्या विषयांची तरुण मंडळी एका कचेरीत बसली. सरकारी खात्याच्या वेतनश्रेणी आणि ज्येष्ठतेच्या याद्या यांतून थोडी मोकळीक मिळावी म्हणूनच कंपनीचे रूप घेतले होते, आणि त्या मोकळिकीचे फळ दिसले. 1973 मध्ये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, 1979 मध्ये त्यास मंजुरी मिळाली. पण ही पहिली मंडळी बहुतेक उसनी होती. कोणी सरकारकडून प्रतिनियुक्तीवर आलेला, कोणी आपला स्वतंत्र व्यवसाय बाजूस ठेवून आलेला. 1974 च्या सुमारास पटेल आणि कोरिया बाहेर पडले. त्यांच्या मागे जी इंजिनिअर मंडळी राहिली तिने वाशीपासून पुढे एकेक वसाहत उभी केली, आणि नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), नांदेड येथील नव्या वसाहतींचेही काम केले. सिडको ही अशा रीतीने नगर बांधण्याची शाळाच झाली. मात्र तेथे शिकविले गेले ते बांधण्याचे शास्त्र.

बांधण्याचे आणि राखण्याचे शास्त्र वेगळे असते, याचा धडा खाडीवरच्या पहिल्या पुलाने दिला. हा पूल 1973 मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि त्यावरूनच हे शहर वाढले. परंतु खाऱ्या हवेने काँक्रीटच्या आतील ताणलेल्या पोलादी तारांना गंज धरला. थोड्याच वर्षांत पुलाची मोठी दुरुस्ती करावी लागली, वाहतुकीवर बंधने आली, आणि 1997 मध्ये शेजारी दुसरा पूल झाला. पूल बांधण्याचे काम काही वर्षांत संपते, त्याची नाडी पाहण्याचे काम त्याच्या आयुष्यभर चालते. नाडी पाहणारा वैद्य दर तीन वर्षांनी बदलत असेल तर रोग्याचे काय होते ते सांगावयास नको.

1991 च्या डिसेंबरात नवी मुंबई महापालिकेची स्थापना झाली आणि 1 जानेवारी 1992 पासून तिचा कारभार सुरू झाला. पुढल्याच वर्षी, 1 जून 1993 रोजी, 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली. रस्ते, पूल, पाणीपुरवठा, नगररचना अशा 18 विषयांची यादी घटनेच्या बाराव्या परिशिष्टात दाखल झाली. कामांची यादी आली, ती करणारी माणसे कोठून यावयाची त्याची यादी आली नाही. शहर बांधले एकाने आणि सांभाळावयाचे दुसऱ्याने, अशी ही वाटणी होती. सिडकोने बांधलेल्या वसाहती एकामागून एक महापालिकेकडे सोपविल्या जाऊ लागल्या. घणसोलीसारख्या वसाहतीचे हस्तांतरण तर पुढे वीस-पंचवीस वर्षांनी पार पडले. प्रत्येक हस्तांतरात रस्त्यांची लांबी, दिव्यांची संख्या, पंपांची यादी, नकाशांच्या गुंडाळ्या यांची देवघेव होते. नाला काढताना नकाशापेक्षा हातभर बाजूस का सरकवावा लागला, कोणत्या चौकात नळाच्या सांध्याखाली मऊ चिखल लागला, हे ज्याच्या डोक्यात असते तो इंजिनिअर हस्तांतराच्या यादीत नसतो. तो आपल्या मूळ कचेरीत परत जातो किंवा निवृत्त होतो.

नव्या महापालिकेला तयार माणसे मिळणार तरी कोठून? ज्या ग्रामपंचायती तिच्यात विलीन झाल्या त्यांचा तुटपुंजा नोकरवर्ग शहराचे मलनिःसारण चालविण्यासाठी नेमलेला नव्हता. तेव्हा सरकारकडून अधिकारी आले, नवी भरती झाली, आणि कामे होत गेली. त्यांनी केलेले काम लहान नाही. खालापूर तालुक्यातील मोरबे धरण राज्याच्या पाणीपुरवठा यंत्रणेने बांधले, ते महापालिकेने आपल्या मालकीचे करून घेतले. दररोज 450 दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्या योजनेची क्षमता आहे. स्वतःचे धरण असलेल्या महापालिका आपल्या राज्यात बोटांवर मोजण्याइतक्याच. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 11 लाखांवर गेली होती, आणि एवढ्या लोकांना नळाचे पाणी देणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पण धरण झाले काय, मैलापाणी शुद्ध करणारी केंद्रे झाली काय, बांधणारा एक आणि राखणारा दुसरा हा क्रम येथेही सुटला नाही.

येथे खात्याच्या हिशेबाची एक गंमत सांगितली पाहिजे, कारण तीत पुष्कळ काही दडले आहे. आपल्या राज्यात महापालिकांनी आस्थापनेवर, म्हणजे नोकरांच्या पगारावर व निवृत्तिवेतनावर, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांहून अधिक खर्च करू नये असा दंडक आहे. दंडक वाईट नाही, कारण नोकरांची खोगीरभरती करून नगरपालिका बुडाल्याची उदाहरणे आहेत. परंतु कनिष्ठ अभियंत्याचा पगार आस्थापनेत मोजला जातो, आणि तेच काम करणाऱ्या सल्लागाराची फी कामाच्या खर्चात जाते. झडपवाल्याचा पगार आस्थापनेत, ठेकेदाराच्या माणसाची मजुरी निविदेत. वही नीटनेटकी दिसते, पैसा तितकाच जातो किंवा अधिक जातो, आणि अनुभव मात्र महापालिकेच्या घरी न राहता सल्लागाराच्या आणि ठेकेदाराच्या घरी साठतो. ठेका संपला की तो अनुभव दुसऱ्या गावी निघून जातो. ठेकेदाराला मी दोष देत नाही. त्याने कबूल केलेले काम केले. आपली माणसे तयार करण्याचे काम त्याने कधी कबूल केलेच नव्हते.

असा अनुभव निघून गेला म्हणजे काय होते, हे मी लहानपणी आमच्या गावी पाहिले आहे. गावाचे नाव सांगत नाही. तेथे पाणी सोडणारा एक वृद्ध चावीवाला होता. तो निवृत्त झाला, आणि त्याच्या जागी कोणी येईपर्यंत उन्हाळा आला. एका आळीचे पाणी बंद पडले. नकाशा काढला, खणले, पण झडप सापडेना. मध्यंतरी रस्ता उंच झाला होता आणि खुणेचे घर पडले होते. चार दिवसांनी म्हाताऱ्याला घरून बोलावून आणले. तो एका ओट्यापासून पावले मोजीत आला आणि काठी टेकून म्हणाला, येथे खणा. झडप तेथेच निघाली. लोकांनी त्याला चहा पाजला आणि सारे हसत घरी गेले. मला मात्र अजूनही वाटते की त्या दिवशी कोणी तरी त्याला विचारावयास पाहिजे होते, बाबा, बाकीच्या झडपा कोठे आहेत तेवढे या पोराला दाखवून ठेवाल का? ते कोणी विचारले नाही.

आता आपल्या शहराच्या इंजिनिअरास आजोबांच्या काळापेक्षा किती अधिक शिकावे लागते ते पाहा. धारण तलावांत गाळ साचला आणि गाळात कांदळवने वाढली. 2005 साली उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस बंदी केली, 2018 च्या निकालाने ती पक्की झाली. ती बंदी योग्यच आहे, कारण हीच झाडे किनारा राखतात. पण त्यामुळे तलावातील गाळ काढणे हे निव्वळ यंत्र लावण्याचे काम उरले नाही. ज्याला तलावाची पाणी साठविण्याची शक्ती राखावयाची आहे त्याला भरती-ओहोटी कळली पाहिजे, वनस्पती कळली पाहिजे, न्यायालयाचा निकाल वाचता आला पाहिजे, किनारा नियमनाच्या अधिकाऱ्यांपुढे आपले म्हणणे मांडता आले पाहिजे, आणि काठावर मासे धरणाऱ्या कोळ्याशी बोलता आले पाहिजे. हे सारे पदविकेच्या किंवा पदवीच्या परीक्षेत नसते. ते खात्यातच शिकवावे लागते.

खाते शिकविते काय? 2025 साली महापालिकेने गट क आणि गट ड यांतील 620 जागांसाठी भरती काढली, ही स्वागताची गोष्ट होय. परंतु भरती म्हणजे शिक्षण नव्हे. आपल्याकडील सर्वसाधारण रीत अशी की परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण अभियंता रुजू होतो, त्याला एक विभाग आणि धारिकांचा एक गठ्ठा मिळतो. मोजमाप पुस्तिका लिहिणे, अंदाजपत्रक तपासणे, तक्रारवाल्यांना तोंड देणे हे तो शेजाऱ्याला विचारून शिकतो. शेजारी चांगला असला तर चांगले शिकतो, वाईट असला तर तेही शिकतो. पुण्याच्या 1854 च्या वर्गाहून हे निश्चितच मागासलेले आहे.

साधने नाहीत असेही नाही. स्थानिक संस्थांच्या नोकरांना शिकविण्यासाठी मुंबईत 1926 साली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था निघाली. स्वच्छता निरीक्षकांच्या पिढ्या तिने तयार केल्या. नाशिकला राज्याच्या इंजिनिअरांसाठी प्रशिक्षणाची प्रबोधिनी आहे. उमेदवारांचा कायदा 1961 पासून आहे, आणि 1973 च्या दुरुस्तीनंतर त्यात पदवीधर व पदविकाधारक इंजिनिअरही येतात. म्हणजे विद्यार्थी खात्यात येऊन हाताने काम शिकू शकतो. पण आठवडाभर शिबिरास जाऊन प्रमाणपत्र घेऊन येणे याला आपण प्रशिक्षण म्हणू लागलो, आणि ज्याला कचेरीत कमी काम आहे त्याला शिबिरास पाठवू लागलो.

मग करावे काय? इतिहासाच्या अभ्यासकाने उपाय सांगू नयेत असा संकेत आहे, पण इतिहासाने जे उपाय सांगितले ते पुन्हा सांगावयास हरकत नसावी.

खारेपाटातील बापाने मुलास बांधावर नेले. तद्वत निवृत्त होणाऱ्या प्रत्येक पंपचालकाच्या, झडपवाल्याच्या आणि शाखा अभियंत्याच्या जागी येणारा मनुष्य निदान एक पावसाळा त्याच्याबरोबर उभा राहिला पाहिजे. दोन पगार चार महिने द्यावे लागतील, आणि चार दिवस पाणी बंद पडण्याच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत. पुण्याच्या वर्गाने हाताखालच्या माणसापासून आरंभ केला. म्हणून महापालिकेनेही मिस्त्री, मुकादम आणि चावीवाला यांना शिकण्याची व वर चढण्याची शिडी द्यावी. विश्वेश्वरय्यांना पहिल्याच वर्षी नदीच्या पात्रात उभे केले गेले. आपल्या नव्या अभियंत्याने पहिले वर्ष टेबलाशी न काढता तीन महिने पंपघरात, तीन महिने नाल्यावर, तीन महिने रस्त्याच्या कामावर आणि तीन महिने नागरिकांच्या तक्रारींच्या खिडकीवर काढावे, आणि शेवटी खात्याचीच परीक्षा द्यावी. मुंबईत मोडक झाले, कारण खाते स्वतः आराखडे काढीत होते. सल्लागार घ्यावेत, पण दरवर्षी काही कामे तरी खात्याने आपल्या हाताने रेखावीत, नाही तर सल्लागाराने चूक केली ती ओळखणाराही खात्यात उरणार नाही. प्रतिनियुक्तीवर येणाऱ्यांचे स्वागत असो, मात्र जाताना त्यांनी आपले काम एका घरच्या माणसास शिकवून जावे, ही त्यांच्या नेमणुकीची अटच असावी.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या 95 गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्या गावांत भरतीचा हिशेब बोटांवर करणारी माणसे होती. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच भूमिपुत्रांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला आणि त्यात पाच जणांचे प्राण गेले. पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली ती त्या लढ्यातून. जमिनीचा मोबदला हा एक भाग झाला. त्यांच्या ज्ञानाचा मोबदला कोणी विचारला नाही, कारण ते ज्ञान आहे असेच कोणास वाटले नाही. दिवाळे, सारसोळे, जुहूगाव, गोठिवली या गावांतील मुलगा स्थापत्याची पदविका घेऊन खात्यात आला आणि आजोबांचा तिथीचा हिशेब बरोबर घेऊन आला, तर डच झडप आणि कोकणची उघाडी यांची खरी गाठ पडेल. हॉलंडातून आपण झडप आणली, पण तेथे त्या झडपेमागे पाणी राखणाऱ्या गावमंडळांची सात-आठशे वर्षांची परंपरा आहे. ती परंपरा आणता येत नाही. आपली होती तिला आपण विचारले नाही, एवढाच आपला अपराध.

2025 च्या ऑक्टोबरात आपल्या शहरालगतच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या भोवती नव्या वसाहती उठत आहेत, आणि त्यांच्याही नकाशांच्या गुंडाळ्या एके दिवशी कोणा तरी महापालिकेच्या हाती पडतील. त्या गुंडाळ्यांबरोबर माणसे येतील की नाही, हे आज ठरत आहे.

मी बोलतो आहे आणि ज्येष्ठ लागावयास फार दिवस उरलेले नाहीत. ज्येष्ठ-आषाढातील अमावास्या केव्हा आहे ते आपण घरी गेल्यावर पंचांगात पाहावे. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास उधाण येईल. पाऊस असो वा नसो, एखाद्या धारण तलावाच्या काठी जाऊन उभे राहावे आणि झडपेपाशी कोण आहे ते पाहावे. कोणी असेल तर त्याला त्याचे नाव विचारावे, आणि त्याने हे काम कोणापासून शिकले तेही विचारावे. कोणी नसेल, तर तीच गोष्ट आपल्या नगरसेवकास जाऊन विचारावी.